जबड्याची नोंद घेणाऱ्या हातांची नोंद कोण घेणार?

कवळीवर लेख लिहितो आहोत असे सांगितल्यावर आमचे काही मित्र हसले. "समाजापुढे एवढे प्रश्न पडलेत आणि तुम्ही म्हाताऱ्यांच्या दातांवर लिहिणार?" असे त्यांचे म्हणणे. होय, लिहिणार. कारण ज्या कामात आम्ही रोज दहा तास घालवतो त्या कामाबद्दल आम्हीच बोललो नाही तर दुसरा कोणीही बोलणार नाही. आणि या कामात जे घडते ते कवळीपुरते मर्यादित नाही, हे लेख संपेपर्यंत तुमच्या लक्षात येईल.

आम्ही चौघे नागपुरातल्या एका डेंटल लॅबमध्ये काम करतो. तिघांनी हे काम टेबलावर बसून, उस्तादाच्या शिव्या खाऊन शिकले. चौथी आमची ताई. तिने डेंटल मेकॅनिकचा दोन वर्षांचा रीतसर डिप्लोमा केला आहे. चौघेही एकाच वस्तीतले. धंतोली, रामदासपेठ, सदर या भागांतल्या दवाखान्यांतून मापे येतात आणि आमच्याकडून कवळ्या जातात. रोग्याने आम्हाला कधी पाहिलेले नसते. त्याच्या दृष्टीने कवळी डॉक्टरने बनवलेली असते.

आधी काम समजून घेऊ. काम न समजता त्यातला अन्याय समजत नाही.

ज्याच्या तोंडात एकही दात उरलेला नाही त्याची कवळी बनवायची तर पहिला प्रश्न असा की वरचा जबडा आणि खालचा जबडा एकमेकांपासून किती अंतरावर आणि कोणत्या जागी मिटतात. दात असताना हे दातच सांगतात. दात गेले की ती खूण गेली. तोंड मिटले की खालचा जबडा नाकाकडे चढतो, गाल बसतात, हनुवटी पुढे येते. म्हणून दातांच्या जागी तात्पुरती मेणाची भिंत उभी करायची, ती रोग्याच्या तोंडात बसवायची, आणि तिच्यावर दोन जबड्यांच्या नात्याची नोंद घ्यायची. या मेणाच्या भिंतीला रिम म्हणतात. कोणी बाइट रिम म्हणते, कोणी बाइट ब्लॉक.

डॉक्टरने घेतलेल्या मापात आम्ही स्टोन ओततो आणि जबड्याचा नमुना म्हणजे कास्ट तयार करतो. कास्टवर दोनेक मिलिमीटर जाडीची बेसप्लेट बसवायची. ती लाखेची असते किंवा ॲक्रिलिकची. लाखेची प्लेट स्पिरिट लॅम्पवर मऊ करून ओल्या कास्टवर बोटांनी दाबत बसवतात. ही लाख झारखंड, छत्तीसगड आणि आपल्या गोंदियाकडच्या पळस, कुसुम, बोरीच्या झाडांवरून आदिवासी बाया-माणसे खरवडून काढतात. त्यांच्याही नावाची चिठ्ठी कोणी त्या प्लेटवर लावत नाही.

मग गुलाबी मॉडेलिंग वॅक्सची पट्टी ज्योतीवर सारखी फिरवत मऊ करायची, घट्ट गुंडाळी करायची आणि घोड्याच्या नालेसारखी वाकवून बेसवर बसवायची. गरम वॅक्स नाइफने दोन्ही बाजूंनी सांधा भरून काढायचा. हवेची पोकळी राहिली की रिम तोंडात सुटते. वरच्या रिमची उंची पुढे ओठाच्या मागच्या खोबणीपासून साधारण २२ मिलिमीटर, मागे १८. खालच्या रिमची पुढे १८, आणि मागच्या टोकाला रेट्रोमोलर पॅड नावाची जी मऊ गादी असते तिच्या दोन-तृतीयांश उंचीपर्यंत. रुंदी पुढे पाच-सहा मिलिमीटर, मागे आठ ते दहा. वरची रिम पुढे किंचित ओठाकडे कललेली ठेवायची, कारण नैसर्गिक दातही तसेच असतात.

ही रिम दवाखान्यात जाते. डॉक्टर ती रोग्याच्या तोंडात घालून ओठाला किती आधार मिळतो ते पाहतो. समोरून ती डोळ्यांच्या बाहुल्यांच्या रेषेशी आणि बाजूने नाकपुडी ते कान या रेषेशी समांतर करतो. आराम करताना दोन जबड्यांत दोन ते चार मिलिमीटर मोकळी जागा राहावी लागते, ती तपासतो. मधली रेषा, सुळ्यांची रेषा, हसताना ओठ कुठवर उचलतो ती रेषा मेणावर कोरतो. शेवटी दोन्ही रिम मिटलेल्या स्थितीत स्टेपलच्या गरम केलेल्या पिनांनी एकमेकींना जोडतो आणि आमच्याकडे परत पाठवतो. तिच्या आधारे आम्ही कास्ट आर्टिक्युलेटरवर चढवतो आणि एकेक दात लावतो.

म्हणजे कवळीत नंतर जे काही बरे-वाईट होते त्याचा पाया या मेणाच्या तुकड्यात असतो. रिम चुकली की नोंद चुकली, नोंद चुकली की दात चुकले. आणि गंमत अशी की लॅबमध्ये सर्वांत कमी किमतीचे काम तेच समजले जाते. "डॉक्टर कापूनच टाकणार आहे, त्यात काय एवढं?" हे वाक्य आम्ही पहिल्या दिवसापासून ऐकत आलो.

आता दुसरी गोष्ट सांगतो.

आम्ही कामाला लागलो तेव्हा नावाआधी आडनाव विचारले गेले. आडनाव सांगितल्यावर प्लास्टर रूम दाखवली गेली. प्लास्टर रूम म्हणजे जिथे मापे येतात ती जागा. बरेचदा रक्त आणि लाळ लागलेली मापे न धुता पिशवीतून येतात. ती धुवायची, स्टोन ओतायचा, कास्ट घासायचे. पलीकडे पॉलिशिंगची लेथ, तिथली भुकटी नाका-तोंडात. आणि काचेच्या दारापलीकडे वातानुकूलित खोली, तिथे सिरॅमिकचे काम. त्या खोलीत कोण आणि प्लास्टरमध्ये कोण, याची यादी आम्ही एकदा जेवणाच्या सुटीत बोटांवर मोजली. कोणी कोणाला "तू या जातीचा म्हणून इथे बस" असे म्हटलेले नव्हते. तरीही यादी अशी निघाली की गावच्या वेशीचा नकाशा समोर ठेवल्यासारखे वाटले. डिप्लोमा घेऊन आलेल्या ताईलाही पहिले दीड वर्ष मापेच धुवावी लागली. तिच्यानंतर आलेला, कुठलाही डिप्लोमा नसलेला मुलगा तीन महिन्यांत दात लावायला बसला.

बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिसंस्थेचे निर्मूलन'मध्ये मांडले होते की जातिव्यवस्था ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. आम्ही हे पुस्तकात वाचले होते, भाषणात ऐकले होते. ते आम्हाला खऱ्या अर्थाने कळले ते प्लास्टर रूममध्ये. श्रमाची विभागणी म्हणजे एकाने कास्ट करायचा, दुसऱ्याने रिम, तिसऱ्याने दात. यात वाईट काही नाही. पण कास्ट करणारा आयुष्यभर कास्टच करणार आणि दात लावणारा त्याच्या हातचे पाणी पिताना विचार करणार, ही श्रमिकांची विभागणी.

रिम ही आमच्यासाठी त्या खोलीतून बाहेर पडण्याची पहिली पायरी होती. ते हलके काम समजले जात होते म्हणूनच आमच्या वाट्याला आले. आम्ही ते घेतले. पण खरे सांगायचे तर आम्हीही ते हलकेच समजलो. इथेच आमची चूक झाली, आणि हा लेख त्या चुकीबद्दल आहे.

मागच्या वर्षी वैशाख पौर्णिमेला वस्तीतल्या विहारात कार्यक्रम होता. खीरदान झाल्यावर ओळखीतल्या एक आजी कनवटीची पिशवी उघडून रुमालाची पुरचुंडी काढू लागल्या. त्यात कवळी होती. आम्ही दातांचे काम करतो हे त्यांना माहीत होते.

"बाबू, हे पाहून दे ना. जेवाले बसली का काहाडून ठेवा लागते, अन् लगनाले जाची असली का घाला लागते."

कवळी हातात घेतली आणि आम्ही एकमेकांकडे पाहिले. हिरडीवरची गोलाई, दातांमधल्या खाचा, मागची कड. आपल्या हातचे काम माणूस ओळखतो. ती आमच्याच लॅबची होती आणि तिच्या मेणाच्या कामावर आमचाच हात फिरला होता. आजींनी मोलमजुरीतून साठवलेले पैसे त्यात घातले होते, मुलाने उरलेले दिले होते. आणि ती कवळी घालून त्यांना भाकर खाता येत नव्हती. त्या भाकर वरणात भिजवून हिरडीनेच खात होत्या.

आम्ही त्यांना कवळी घालून हळूच तोंड मिटायला सांगितले. उजवीकडचे दात आधी टेकत होते. डावीकडे कागद सरकेल एवढी फट राहत होती. जोरात मिटले की खालची कवळी डावीकडे उचलली जायची आणि उजवी हिरडी सोलली जायची. तिथे लाल व्रण होता.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये जाऊन शोध घेतला. केस आधीच्या वर्षीच्या मे महिन्यातली होती. नागपूरचा मे म्हणजे पारा पंचेचाळीसच्या वर. मॉडेलिंग वॅक्स त्या तापमानाला आकार सोडू लागते. त्या दिवसांत आम्ही रोज ढीगभर रिम काढत होतो. लाखेच्या बेसवर गरम मेण ओतले की बेस कास्टवरून किंचित उचलला जातो. म्हणून मेण बसवल्यावर बेस कास्टवर पुन्हा घट्ट आहे की नाही हे तपासावे लागते. एका बाजूला बोटाने दाबायचे आणि दुसरी बाजू उठते का ते पाहायचे. अर्ध्या मिनिटाचे काम. ते त्या काळात आम्ही करत नव्हतो. वरून ती रिम डिलिव्हरीच्या मुलाने दुपारच्या उन्हात मोटरसायकलच्या पिशवीतून नेली असणार. डॉक्टरने डुलणाऱ्या बेसवरच नोंद घेतली. दात लावल्यावर मेणातली कवळी तोंडात घालून पाहायची असते, त्याला ट्राय-इन म्हणतात. रोग्याचा हेलपाटा वाचवायचा म्हणून तेही टाळले गेले होते. आर्टिक्युलेटरवर दात अगदी बरोबर मिटत होते. आजींच्या तोंडात ते चुकीचे होते.

चूक एकट्याची नव्हती. आमची, दवाखान्याची आणि घाईची मिळून होती. पण पहिली चूक आमची होती. यावर आमच्यात वाद झाला. एक जण म्हणाला, "जे काम आपल्याला शिक्षा म्हणून दिलं, त्यात आपण जीव का ओतायचा?" हा प्रश्न साधा नाही. आपल्या अनेक तरुणांच्या मनात तो असतो. ज्या व्यवस्थेत नाव नाही, पगार पुरेसा नाही, मान नाही, तिथे चांगले काम करणे म्हणजे मालकाची गुलामीच नाही का?

यावर ताईने दिलेले उत्तर आम्हाला पटले. ती म्हणाली, मालक कवळी घालत नाही. कवळी आजी घालते. मालकावरचा राग कामावर काढला की तो शेवटी आपल्याच माणसाच्या हिरडीवर निघतो. सरकारी दवाखान्यात, स्वस्त कवळीच्या रांगेत कोण उभे असते? ज्यांच्याकडे इम्प्लांटचे पैसे नाहीत ते. म्हणजे बहुतेक आपलेच लोक. भांडायचे तर मालकाशी भांडू, कायद्याने भांडू. मेणाशी कशाला भांडायचे?

आम्ही त्या डॉक्टरांना भेटलो. चूक झाकली नाही, जसे घडले तसे सांगितले. ते आधी चिडले, मग ट्राय-इन आपणही टाळली हे त्यांनी मान्य केले. आजींची मापे पुन्हा घ्यायची ठरली. लॅबच्या मालकाने या दुसऱ्या कवळीच्या सामानाचे पैसे आमच्या पगारातून कापले. ते आम्ही त्या वेळी सोसले. ते योग्य होते असे मात्र आमचे मत नाही.

या वेळी आम्ही लाखेऐवजी ॲक्रिलिकचा बेस केला. कास्टमधल्या आत वळलेल्या जागा आधी मेणाने भरल्या, म्हणजे बेस काढताना अडकत नाही. सेपरेटिंग मीडियम लावले. पीठ मळल्यासारखे झाल्यावर ॲक्रिलिक सारख्या जाडीने बसवले आणि पूर्ण कडक होईपर्यंत कास्टवरून काढले नाही. कडा गोल घासल्या. चारी बाजूंनी बोट दाबून पाहिले, बेस डुलला नाही. मग मेण. रिम कास्टसकट डब्यात ठेवली आणि सकाळी सातला, ऊन चढण्याआधी, आम्हीच दवाखान्यात पोचवली. डॉक्टरांनी ती नोंद घेण्याआधी थंड पाण्यात ठेवली. या वेळी ट्राय-इन झाली.

नवी कवळी मिळाल्यावर पहिले दोन आठवडे आजींची तक्रार होतीच. नवी कवळी टोचते, दोनदा घासून द्यावी लागली. नंतर एका रविवारी त्यांनी आम्हाला घरी बोलावले. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी आणि ठेचा केला होता. आमच्यासमोर बसून जेवल्या. सावकाश, दोन्ही बाजूंनी चावत. बोलल्या काही नाहीत. आम्हीही काही बोललो नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ.

दंतचिकित्सकांचा कायदा आपल्या देशात १९४८ साली झाला. तेव्हा बाबासाहेब देशाचे कायदेमंत्री होते. या कायद्यात डेंटल मेकॅनिकची व्याख्या आहे. कवळी आणि दातांची इतर साधने जो बनवतो किंवा दुरुस्त करतो तो डेंटल मेकॅनिक. त्याच्यासाठी राज्यात स्वतंत्र रजिस्टर ठेवण्याची तरतूद आहे. म्हणजे आमचे अस्तित्व कायद्याला तेव्हाच मान्य होते. २०२३ साली संसदेने राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा मंजूर केला. कायदा जुना असो वा नवा, आमच्या टेबलावरची परिस्थिती अशी की चौघांपैकी फक्त ताईचे नाव रजिस्टरात आहे. उरलेल्या तिघांची नोंद कुठेच नाही. अनुभवाचा दाखला मागितला तर मालक टाळतो, कारण दाखला दिला की आम्ही कामगार आहोत हे मान्य करावे लागते. आणि कामगार म्हटले की किमान वेतन आले, भविष्य निर्वाह निधी आला, आरोग्य विमा आला.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कामगाराला कामाचे तास, सुटी, विमा हे हक्क म्हणून मिळाले पाहिजेत, मालकाची कृपा म्हणून नव्हे, ही भूमिका त्यांनी तिथे लावून धरली. संविधानाच्या अनुच्छेद ४२ मध्ये कामाची परिस्थिती न्याय्य आणि माणुसकीची असावी असे राज्याला सांगितले आहे. प्लास्टर रूममध्ये साधा एक्झॉस्ट पंखा नसताना हे अनुच्छेद फक्त १४ एप्रिलच्या भाषणात म्हणून काय उपयोग?

म्हणून आम्ही चौघांनी काही गोष्टी ठरवल्या. त्या इथे देतो. केवळ दातांच्या लॅबमधल्या मुलांनीच नव्हे, जिथे जिथे आपले हात बिननावाने राबतात तिथल्या सर्वांनी यावर विचार करावा.

एक, वही. आजींच्या प्रसंगानंतर आम्ही दोनशे पानी वही घेतली. त्यात प्रत्येक केसचा क्रमांक, तारीख, बेस कोणी केला, मेण कोणी लावले, बेस डुलतो का तपासले का, दवाखान्यातून काय उत्तर आले, हे लिहितो. मालकाला ही वही आवडली नाही. पण आता "लॅबवाल्यांची चूक" असे कोणी मोघम म्हटले की आम्ही वही उघडतो. चूक आमची असेल तर कबूल करतो, नसेल तर पान दाखवतो. उद्या अनुभवाचा पुरावा मागितला तर तोही या वहीत आहे.

दोन, शरीर. माप आले की आधी वाहत्या पाण्याखाली धुवायचे, जंतुनाशकात ठेवायचे, हातमोज्यांशिवाय हात लावायचा नाही. हिपॅटायटिस बीच्या लसीचे तिन्ही डोस आम्ही घेतले. ॲक्रिलिकच्या मोनोमरने कातडीला ॲलर्जी होते, ते उघड्या बोटांनी मळायचे नाही. सँडब्लास्टिंग आणि कास्टिंगच्या इन्व्हेस्टमेंटमध्ये सिलिका असते. ती भुकटी वर्षानुवर्षे छातीत गेली तर सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. रुमाल म्हणजे मास्क नव्हे. हा खर्च मालकाने करावा अशी लेखी मागणी आम्ही चौघांच्या सह्यांनी दिली आहे. हातमोजे मिळाले. पंखा अजून नाही. मागणी मागे घेतलेली नाही.

तीन, शिक्षण. आमच्यातला सर्वांत धाकटा यंदा बारावी विज्ञानाला पुन्हा बसला आहे, डिप्लोमाला प्रवेश मिळावा म्हणून. रात्री ताई त्याला शिकवते. हातात कला आहे म्हणून कागद नको, हा भ्रम आहे. आणि कागद आहे म्हणून हात नको, हाही भ्रमच आहे. आपल्याला दोन्ही हवे.

चार, एकजूट. शहरातल्या इतर लॅबमध्ये आपल्यासारखीच मुले आहेत. महिन्यातून एकदा विहाराच्या खोलीत बसायला आम्ही सुरुवात केली आहे. पहिल्या बैठकीला सात जण आले, दुसऱ्या बैठकीला पाच. संख्या कमी झाली हे लपवत नाही. कामावरून काढतील ही भीती खरी आहे. तरीही बैठक बंद केलेली नाही.

तरुण मित्रांनो, आपल्या बापजाद्यांना जी कामे लादली गेली ती नाकारणे हा आपला लढा होता आणि आहे. पण नाकारायची असते ती लादणूक. हाताचे कसब नाकारायचे नसते. कोणते काम कोणी करायचे हे आडनावावरून ठरणार नाही, हे एकदा ठरले की रिम करणारा आणि दात लावणारा शेजारी बसू शकतात.

आमच्या वहीत कालपर्यंत तीनशे एक्केचाळीस केसेस नोंदल्या गेल्या आहेत. बेस डुलतो म्हणून पुन्हा केलेल्या अकरा. त्यातल्या सहा आमच्या चुकीच्या. तेही लिहून ठेवले आहे.

जय भीम!